‘रेनिगेड’ कोणाला म्हणावे?

(जेऊर येथे संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



समारंभात बोलायला उभे राहिले की शिक्षणाचे महत्त्व, समाजाची प्रगती असे विषय घेण्याचा प्रघात आहे. ते विषय माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने मांडले आहेत. मी वर्गात इंग्रजी आणि इतिहास शिकवणारा माणूस. म्हणून माझ्या रोजच्या कामातलाच एक लहानसा विषय आपल्यापुढे ठेवतो. विषय म्हणजे एक शब्द आहे. इंग्रजीत त्याला ‘रेनिगेड’ म्हणतात.

शब्दकोश उघडला तर ‘धर्मत्यागी’, ‘स्वपक्ष सोडून शत्रूस मिळालेला’ असे त्याचे अर्थ दिलेले सापडतात. विद्यार्थी पहिला अर्थ पाठ करतात आणि दिसेल तिथे तोच लावतात. इंग्रजी वर्तमानपत्रात एखाद्या आमदाराला ‘रेनिगेड’ म्हटलेले वाचले, की त्या आमदाराने धर्म सोडला असे उत्तरपत्रिकेत लिहून मोकळे होतात! हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट आहे. पण या शब्दाच्या मागे इतिहास मोठा आहे आणि तो सगळाच हसण्यासारखा नाही. हा शब्द माणसावर निकाल देणारा शब्द आहे. असा निकाल देणारे शब्द आपल्या उर्दूत आहेत, मराठीतही आहेत, आणि ते आपल्या ओट्यावर, चौकात, आता तर मोबाईलवरही सहज वापरले जातात. म्हणून पालकांनीही थोडा वेळ कान द्यावा, अशी माझी विनंती आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. धर्म सोडणाऱ्याविषयी शरीअतचा हुकूम काय, हा आलिमांचा विषय आहे. त्यात शिरण्याचा मला अधिकार नाही. मी बोलणार आहे ते शब्दाविषयी, आणि तो शब्द कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी लावला याविषयी.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. लॅटिन भाषेत ‘नेगारे’ म्हणजे नाकारणे. त्याच्या आधी ‘रे’ हा उपसर्ग लागून ‘रेनेगातुस’ झाले, त्याचे स्पॅनिश भाषेत ‘रेनेगादो’ झाले, आणि सोळाव्या शतकात ते इंग्रजीत आले. स्पेन आणि पोर्तुगाल या देशांत हा शब्द मुख्यतः ज्याला लावत तो माणूस म्हणजे ख्रिस्ती धर्म सोडून मुसलमान झालेला. इंग्रजीतही आरंभी तोच अर्थ होता. १६२४ साली लंडनमध्ये फिलिप मॅसिंजर याचे ‘द रेनेगेडो’ नावाचे नाटक रंगभूमीवर आले; त्याची कथा ट्यूनिस शहरात घडते. त्या काळात इंग्रजीत ‘टर्क होणे’ असा वाक्प्रचारच होता. त्याचा एक अर्थ मुसलमान होणे आणि दुसरा अर्थ बेइमान होणे! म्हणजे या शब्दाचा जन्मच मुळी आपल्याकडे बोट दाखवून झालेला आहे.

याचे काही भाऊबंद आहेत. त्यांच्यातला फरक विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात ठेवावा. ‘अपोस्टेट’ हा ग्रीक भाषेतून आलेला. मूळ अर्थ ‘दूर जाऊन उभा राहिलेला’. जो धर्मात होता आणि सोडून गेला तो अपोस्टेट. अरबीतील ‘मुर्तद’ याच्या जवळचा; त्याच्या धातूत मागे फिरण्याचा अर्थ आहे. ‘हेरेटिक’ म्हणजे धर्माच्या आत राहून वेगळे मत सांगणारा. आपल्याकडे अशा माणसाला पाखंडी म्हणतात. ‘इन्फिडेल’ म्हणजे आपल्या धर्मावर श्रद्धाच नसलेला. ‘डेझर्टर’ म्हणजे सैन्य सोडून पळालेला शिपाई. ‘टर्नकोट’ म्हणजे वारा पाहून बाजू बदलणारा. रेनिगेड या शब्दात यांपैकी दोन गोष्टी एकत्र येतात : धर्म सोडणे आणि शत्रूला जाऊन मिळणे. त्यामुळे त्याचा डंख सर्वांत तीव्र आहे.

आता राहिला ‘कन्व्हर्ट’. याचा अर्थ धर्मांतर केलेला. हा शब्द मात्र बराच सौम्य आहे, काही वेळा कौतुकाचाही असतो. गंमत अशी की, कन्व्हर्ट आणि रेनिगेड हा पुष्कळदा एकच माणूस असतो. आपल्या गावाचेच उदाहरण घ्या. कुर्डूवाडीकडून येणारी गाडी केम स्टेशन सोडते तेव्हा तिथला माणूस म्हणतो, गाडी गेली. जेऊरच्या फलाटावरचा माणूस म्हणतो, गाडी आली. गाडी एकच, रूळही तेच. ज्या धर्मात माणूस आला ते त्याला कन्व्हर्ट म्हणतात. ज्या धर्मातून गेला ते अपोस्टेट किंवा रेनिगेड म्हणतात. म्हणून हा शब्द वाचला की बोलणारा कोणत्या स्टेशनावर उभा आहे हे आधी पाहावे.

याचे एक मोठे उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यात घडले. १५१० साली गोवा विजापूरच्या आदिलशाहीकडे होते. आपला सोलापूरचा किल्ला ज्या आदिलशाही-निजामशाहीच्या ओढाताणीत पुढे वर्षानुवर्षे होता, तीच ही आदिलशाही. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्क याने त्या वर्षी गोवा घेतले, आदिलशाही फौजेने ते परत मिळवले, आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी अल्बुकर्कने ते पुन्हा जिंकले. मधल्या पावसाळ्यात पोर्तुगीज जहाजे मांडवी नदीत अडकून पडली होती आणि त्यांच्यावर उपासमारीची पाळी आली होती. पुढे अल्बुकर्क मलाक्क्याच्या स्वारीवर गेला असता आदिलशाही सैन्याने गोव्याला पुन्हा वेढा दिला. या धामधुमीत काही पोर्तुगीज सैनिक विजापूरच्या बाजूला गेले आणि त्यांनी इस्लाम स्वीकारला. त्यांच्यात फेर्नांव लोपिश नावाचा एक इसम होता.

१५१२ साली अल्बुकर्क परत आला. त्याने फोंड्याच्या वाटेवरील बाणस्तारीच्या किल्ल्याला वेढा घातला. आदिलशाही सरदार रसूलखान याला तह करावा लागला. तहात अल्बुकर्कने मागणी केली की, आमचे जे लोक तुमच्याकडे आले आहेत ते आमच्या हवाली करा. रसूलखानाने अट घातली की, त्यांना जिवे मारू नये. अल्बुकर्कने ती अट मान्य केली आणि अक्षरशः पाळली. त्याने कोणालाही ठार केले नाही. मात्र त्या सर्वांचे नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा तोडण्यात आला. पुष्कळ जण त्या जखमांनीच मेले. इंग्रजी इतिहासग्रंथांत हे लोक रेनिगेड म्हणूनच ओळखले जातात.

लोपिश जगला. अल्बुकर्क १५१५ च्या डिसेंबरमध्ये वारला. त्यानंतर लोपिश मायदेशी जाणाऱ्या जहाजावर चढला. परंतु वाटेत अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना या निर्जन बेटावर तो उतरून राहिला. तसा चेहरा घेऊन आपल्या माणसांत जाण्यापेक्षा त्याला एकांत बरा वाटला असावा. थोटक्या हातांनी त्याने तिथे झाडे लावली, शेळ्या-कोंबड्या वाढवल्या. येणारी-जाणारी जहाजे तिथे थांबू लागली. पुढे पोर्तुगालच्या राजाने त्याला बोलावले, तो रोमला जाऊन पोपची क्षमा घेऊन आला, आणि पुन्हा त्याच बेटावर जाऊन राहिला. १५४५ च्या सुमारास तो तिथेच मरण पावला. पुढे १८१५ साली इंग्रजांनी नेपोलियनला कैद करून ठेवले ते याच बेटावर.

आता या गोष्टीची दुसरी बाजू पाहा. गोवा घेतल्यावर त्याच अल्बुकर्कने आपल्या सैनिकांची लग्ने स्थानिक स्त्रियांशी लावून दिली. त्यांत मुसलमान घराण्यांतील स्त्रिया होत्या; आधी त्यांना बाप्तिस्मा देण्यात आला. इतिहासाची पुस्तके या स्त्रियांना कन्व्हर्ट म्हणतात. कोणाचे वडील लढाईत गेले होते, कोणाचे घर लुटले गेले होते, आणि त्यांच्या मनात काय होते, हे विचारायला कोणी गेले नाही. एकाच शहरात, दोन वर्षांच्या आत, एक धर्म बदलणारा रेनिगेड ठरतो आणि दुसरी कन्व्हर्ट ठरते. पुस्तक लिहिणारा किल्ल्याच्या कोणत्या बाजूला होता, एवढाच त्यात फरक आहे. मित्रांनो, हे केवळ पोर्तुगिजांच्या बाबतीत खरे आहे असे समजू नका. पुस्तक आपल्या बाजूच्या माणसाने लिहिले असते तर शब्द नेमके उलटे पडले असते.

दुसरे उदाहरण मराठी मुलखातले घेऊ. नेताजी पालकर हे शिवाजी महाराजांचे सरनोबत. १६६६ साली ते महाराजांना सोडून प्रथम विजापूरकरांकडे आणि मग मिर्झाराजे जयसिंगांच्या मध्यस्थीने मोगलांकडे गेले. महाराज आग्ऱ्याहून निसटल्यावर औरंगजेबाने नेताजींना कैद करविले. १६६७ साली त्यांना मुसलमान करून महंमद कुलीखान हे नाव देण्यात आले आणि काबूलच्या बाजूला पाठवण्यात आले. १६७६ साली ते महाराजांकडे परत आले आणि महाराजांनी त्यांना पुन्हा स्वधर्मात व पदरी घेतले. आता इंग्रजीच्या विद्यार्थ्याने सांगावे, नेताजींना कोणता शब्द लावायचा? विजापूरकरांकडे गेले तेव्हा फार तर टर्नकोट म्हणता येईल, कारण धर्माचा प्रश्नच नव्हता. कैदेत धर्म बदलला तेव्हा दिल्लीच्या दरबारात ते कन्व्हर्ट. परत आले तेव्हा त्याच दरबाराच्या लेखी रेनिगेड, आणि रायगडावर मात्र घरी आलेले आपले माणूस. एका माणसाच्या दहा वर्षांत इतके शब्द येऊन गेले. त्यातला एकच उचलून त्यांच्या कपाळी चिकटवला तर तो इतिहास होणार नाही. शिवाजी महाराजांनी तो शब्द चिकटवला नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

काळ बदलला तसा हा शब्द धर्माच्या आवारातून बाहेर पडला. १९१८ साली रशियाचे नेते लेनिन यांनी जर्मन समाजवादी पुढारी काउट्स्की यांच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली, तिच्या नावातच त्यांना ‘रेनिगेड काउट्स्की’ म्हटले आहे. इथे धर्माचा संबंध नाही. समाजवादी विचार हाच जणू धर्म आणि तो सोडणारा धर्मभ्रष्ट, असा त्याचा भाव. आपल्याकडे जून २०२२ मध्ये शिवसेनेतील आमदारांचा मोठा गट वेगळा झाला. एका बाजूने त्यांना ‘गद्दार’ म्हटले, त्यांनी स्वतः त्याला ‘उठाव’ म्हटले, आणि वर्तमानपत्रांनी बहुधा ‘बंडखोर’ म्हटले. घटना एक, शब्द तीन. इंग्रजी वर्तमानपत्रात अशा आमदाराला रेनिगेड म्हटले असेल तर मराठीत ‘फुटीर’ किंवा ‘बंडखोर’ लिहावे. ‘धर्मत्यागी’ लिहू नये. अमेरिकेत तर आज या शब्दाला एक प्रकारचा रुबाबही आला आहे. रुळलेली वाट सोडून चालणारा बहाद्दर, असा अर्थ घेऊन तिथे एका जीपगाडीला हे नाव दिले गेले. बराक ओबामा यांच्यासाठी त्यांच्या सुरक्षा पथकाने ठेवलेले सांकेतिक नावही ‘रेनिगेड’ असेच होते. ज्या शब्दापायी बाणस्तारीला माणसांचे हात तुटले, तो शब्द आता गाडीच्या मागे चमकतो आहे.

यानंतर जे सांगणार आहे ते विशेषतः पालकांनी ऐकावे, कारण त्याचा संबंध आपल्या लेकीबाळींशी आहे.

ब्रिटिश अमदानीतील कोर्टांच्या निकालांत ‘अपोस्टसी’, म्हणजे धर्मत्याग, हा शब्द मुसलमान स्त्रियांच्या संदर्भात वारंवार येतो. पंजाबात आणि इतरत्र काही विवाहित स्त्रियांनी इस्लाम सोडल्याचे कोर्टात सांगितले, अशी प्रकरणे घडत. नुसता शब्द वाचणाऱ्याला वाटेल की, या स्त्रियांचा ईमान डळमळला होता. पण प्रकरण उघडून पाहिले की वेगळेच दिसते. कोणाचा नवरा वर्षानुवर्षे बेपत्ता, कोणाचा खायला घालत नसे, कोणाचा मारहाण करी. हिंदुस्थानात बहुतेक मुसलमान हनफी मताचे, आणि त्या मताप्रमाणे अशा स्त्रीला निकाह तोडून मागण्याचे मार्ग फार थोडे होते. खुला घ्यावा तर नवऱ्याची संमती हवी. मात्र स्त्रीने धर्म सोडला तर निकाह तुटतो, असे कोर्टे धरत असत. अडलेल्या स्त्रीला एवढे एकच दार उघडे दिसे. घरातून सुटण्यासाठी ती त्या दारातून बाहेर पडे.

हे पाहून त्या काळच्या उलेमांनी काय केले, ते आपण अभिमानाने सांगावे असे आहे. मौलाना अशरफ अली थानवी यांनी या प्रश्नावर मदिनेच्या मालिकी आलिमांकडून मते मागवली आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत ‘अल-हीलतुन नाजिझा’ हा ग्रंथ सिद्ध केला. मालिकी मताचा आधार घेऊन अशा स्त्रियांना निकाह रद्द करून मागता येईल, असा मार्ग त्यात दाखवला. जमियत-ए-उलेमा-ए-हिंदने हा विषय उचलला. १९३६ साली काझी मुहम्मद अहमद काझमी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले, आणि १७ मार्च १९३९ रोजी मुस्लिम विवाहविच्छेद कायदा अमलात आला. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे खर्च देत नसेल, सात वर्षांची किंवा अधिक शिक्षा झालेला असेल, क्रूरपणे वागवत असेल, तर स्त्रीला कोर्टात दाद मागता येते. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात असेही सांगितले की, विवाहित मुसलमान स्त्रीने केवळ धर्म सोडला म्हणून आपोआप विवाह मोडणार नाही. हा कायदा आजही लागू आहे.

थोडक्यात, ज्या स्त्रियांवर ‘धर्म सोडून गेलेली’ असा शिक्का बसत होता, त्यांच्या बाबतीत थानवींसारख्या कर्मठ आलिमाने ‘ही का गेली?’ असा प्रश्न विचारला. उत्तर मिळाले ते असे की, आपणच तिच्यासाठी दुसरे दार ठेवले नव्हते. आणि मग त्यांनी दार करून दिले. शब्द वाचून थांबले असते तर दोष देऊन मोकळे झाले असते आणि लेकी जातच राहिल्या असत्या.

शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर आणखी एका गृहस्थांची आठवण काढणे उचित होईल. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली अलीगढला शाळा सुरू केली. १८७७ मध्ये तिचे कॉलेज आणि १९२० मध्ये विद्यापीठ झाले. ते कधी धर्माबाहेर गेले नाहीत. तरी त्यांच्याविरुद्ध कुफ्रचे फतवे निघाले, मक्केहूनसुद्धा फतवा आणवला गेला. त्यांच्या काही धार्मिक मतांशी तेव्हा अनेक आलिम सहमत नव्हते, आजही नसतील. मत न पटणे ही एक गोष्ट आणि माणसाला धर्माबाहेर काढणे ही दुसरी. आज अलीगढला मुलाला प्रवेश मिळाला तर आपण मोहल्ल्यात पेढे वाटतो.

म्हणून पालकांना माझे नम्र सांगणे आहे. आपला मुलगा शहरात शिकायला गेला, चार प्रश्न विचारू लागला, मुलीने पुढे शिकण्याचा हट्ट धरला, की एखादा शेजारी चटकन म्हणतो, ‘पोरगं हातचं गेलं, दीन विसरलं.’ असे शब्द तोंडातून जायला क्षण लागतो, परत घ्यायला जन्म पुरत नाही. प्रश्न विचारणारे मूल घरातच बसून विचारत आहे, ते कुठे गेलेले नाही. त्याला उत्तर द्या. उत्तर येत नसेल तर जाणत्याकडे घेऊन जा. पण ते मनाने घरात असताना त्याला ‘गेला’ म्हणू नका.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला तीन प्रश्न देतो. ते वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवा. रेनिगेड, अपोस्टेट, बाटगा, गद्दार, मुर्तद असा कोणताही शब्द वाचनात आला की विचारा : हे कोण म्हणतो आहे? हा माणूस नेमके काय सोडून गेला : धर्म, पक्ष, सैन्य, की नुसते कोणाचे मत? आणि तो का गेला : श्रद्धेने, भुकेने, भीतीने, की दुसरे दार नव्हते म्हणून? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की परीक्षेत भाषांतर चुकणार नाही. तिसऱ्याचे उत्तर शोधायची सवय लागली तर परीक्षेबाहेरही माणसे ओळखता येतील. माणसाच्या दिलात काय आहे ते अल्लाह जाणे. आपल्या हातात आपली जबान आहे, ती जपून वापरावी.